शारशेनची बायको

बुरुल घरी सून होती आणि रंगमंचावर सासू. हे उलटंपालटं तिच्या तेविसाव्या वर्षी झालं आणि पुढे ते सरळ करावं असं कुणाला वाटलं नाही. आवाज जन्मतःच जाड. नायिकेच्या तोंडी तो शोभायचा नाही, असं आमच्या आक-ताश गावच्या नाट्यगृहात पहिल्याच वर्षी ठरून गेलं. मग तिच्या वाट्याला खाष्ट सासवा आल्या, नातवंडांना थोपटणाऱ्या आज्या आल्या, एकदा चेटकीण आली. त्या चेटकिणीला बघून पुढच्या रांगेतली पोरं भोकाड पसरून बाहेर पळाली होती, हे ती अजून कौतुकाने सांगते. प्रयोगात ती सुनांना फैलावर घ्यायची, त्यांच्या हातच्या पोळीला नावं ठेवायची, त्यांच्या माहेरचा उद्धार करायची. पडदा पडला की तोंडाचा रंग पुसून, डोक्याचा रुमाल घट्ट बांधून घरी जायची आणि सासूपुढे कमरेत वाकून उभी राहायची.

आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. नुसतं नावच नाही, त्या नावात जे काही दडलेलं असेल तेही नाही. बुरुलच्या सासऱ्यांचं नाव शारशेन, म्हणजे बुधवारी जन्मलेला. त्यामुळे या घरात पाऊल टाकल्यापासून बुरुलच्या आठवड्यात बुधवार उरला नव्हता, ‘मंगळवारनंतरचा दिवस’ होता. नाट्यगृहात आधी सगळ्यांनी तिची टर उडवली, मग टर उडवणारेच तसं म्हणायला लागले. दिग्दर्शक ताबिल्दीने एकदा फळ्यावर लिहून टाकलं, ‘पुढची तालीम मंगळवारनंतर’, आणि अर्धी मंडळी गुरुवारी उगवली. त्या दिवशी तो जो चिडला तो चिडला.

सासऱ्यांसाठी नवीन नाव सुनेनेच शोधायचं असतं. बुरुलने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शोधलं, ‘उंच टोपीवाले’. तिची सासू झेयनेप आपा यांना ते इतकं पसंत पडलं, की त्यांनी शेजारच्या चार घरी जाऊन सांगितलं, “माझ्या सुनेची जीभ धुतलेली आहे बरं का.” आपांच्या तोंडून कुणाचं कौतुक निघणं दुर्मिळच. बुरुलने ते वाक्य जपून ठेवलं. थोरली जाऊबाई पाच वर्षांत दोनदा चुकली होती. बुरुल कधी चुकली नाही. नाटकात तिला कधी बक्षीस मिळालं नव्हतं, हे मात्र तिला मिळालेलं होतं.

आपा तरी स्वतः कुठे नाव घेत होत्या? त्यांच्या पिढीत नवऱ्याचंही घेत नसत. त्या ‘पोरांचा बाप’ म्हणायच्या, तेही इतरांशी बोलताना. त्याला हाक मारायची वेळ आली तर चमचा वाजवायच्या.

शारशेन गुरांचे डॉक्टर होते. आजूबाजूच्या मेंढपाळांची मेंढरं, घोडे, गाई सगळं त्यांच्याकडे. कुठल्याही घटकेला कुणीतरी घोड्यावरून धावत यायचं, म्हणून ते घरी असले की खिडकीशी बसायचे. तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. झेयनेप आपा लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचीही सोय नव्हती. मग त्या चहाच्या पियालीच्या काठावर चमचा वाजवायला लागल्या. एकदा वाजला म्हणजे चहा, दोनदा वाजला म्हणजे जेवण, आणि वाजतच राहिला म्हणजे कुणीतरी आलंय. सासू-सासरे गेले तोवर चमच्याचीच सवय लागली होती. शारशेन हात मागे करायचे, पियाली हातात यायची. त्यासाठी मान वळवायची गरज पडत नसे.

माणूस वाईट नव्हता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. कधी हात उचलला नाही, दारू लग्नकार्यापुरती. सुनेने नाटकात काम करायला त्यांची ना नव्हती. “मेंढरं बघण्यापेक्षा माणसं बघितलेली बरी,” एवढंच म्हणाले होते. फक्त ते त्या खिडकीशी बसायचे आणि आपा त्यांच्या पाठीमागे बसायच्या. गादीच्या अगदी कडेला, अर्धी गादीवर, अर्धी जमिनीवर, उठायला सोपं जावं म्हणून. अशी किती वर्षं गेली ते त्यांनीही कधी मोजलं नसेल.

ते गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे अंगणात तंबू उभारला. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि गेलेल्या माणसाचे गुण गात रडल्या. बुरुलचा जाड आवाज तिथे कामाला आला. तिचं रडगाणं ऐकायला पलीकडच्या वस्तीतली माणसंसुद्धा आली असं म्हणतात. झेयनेप आपाही गायल्या. माझ्या डोंगरा, माझ्या स्वारा, माझ्या दाराच्या कुलपा, असं सगळं म्हणाल्या. नाव त्यातही घेतलं नाही. पुढे घरातला तो चमचा त्यांनी वापरला नाही आणि टाकलाही नाही.

सगळं असं नीट चाललं होतं. मग ओस्कोनने नाटक लिहिलं.

ओस्कोन आमच्या शाळेत भूगोल शिकवायचा. सगळ्या जगातल्या नद्या त्याला पाठ, आणि बायकोचा वाढदिवस दर वर्षी विसरायचा. त्याच्या नाटकाचं नाव ‘शारशेनचं घर’. या शारशेनचा आपल्या शारशेनशी काही संबंध नव्हता. हे नाव इकडे गल्लीत दोघांचं तरी असतं. नाटकात एक बाई आहे. तिला सगळं गाव ‘शारशेनची बायको’ म्हणतं. संहितेतसुद्धा तिला दुसरं नाव दिलेलं नाही. ती चुलीशी बोलते, किटलीशी भांडते, वासराला आपली स्वप्नं सांगते. दुसऱ्या अंकात दवाखान्यात तिला नाव विचारतात आणि तिला ते पटकन आठवत नाही. शेवटी ती नवऱ्याची पियाली काठोकाठ भरते. आमच्याकडे माणूस बसून राहायला हवा असेल तर पियाली अर्धीच भरतात, पुन्हा पुन्हा भरता यावी म्हणून. काठोकाठ भरली की त्याचा अर्थ, आता उठा. तशी ती भरते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारते. खिडकीशी तिच्याकडे पाठ करून बसलेला नवरा वळतो. पडदा. एवढ्या एका हाकेवर सगळं नाटक उभं होतं.

भूमिका मीरगुलची होती. मीरगुल देखणी, बारीक आवाजाची. तिला मॉस्कोहून बहिणीचा फोन आला, दुकानात जागा आहे, ताबडतोब ये. ती ताबडतोब गेली. जाताना ताबिल्दीला म्हणाली, “दादा, नाटक सोन्यासारखं आहे, पण सोन्याने पोट भरत नाही.” तोवर पोस्टरं छापून झाली होती आणि राजधानीतून नाट्यमहोत्सवाची मंडळी पहिल्या प्रयोगाला यायची ठरली होती. ताबिल्दीने डोकं धरलं. मग डोकं सोडून समोर बसलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि शेवटी बुरुलकडे.

“तुला पाठ आहे?”

“मला सगळ्यांचंच पाठ आहे, ताबिल्दीदादा.”

“शेवटची हाकही?”

बाकीच्या बायका नखं बघायला लागल्या. बुरुलच्या सासऱ्यांचं नाव काय होतं ते तिच्या बुधवारावरून साऱ्यांना ठाऊक होतं.

“होईल,” ती म्हणाली.

“होईल म्हणजे? बघ बाई, नाव बदलायला ओस्कोन तयार नाही, पोस्टरावर तेच आहे. जमणार नसेल तर आत्ताच सांग, राजधानीतून पोरगी मागवतो.”

“होईल म्हटलं ना, दादा.”

तिला ती भूमिका हवी होती. इतकी हवी होती, की हवेपणाचीच लाज वाटत होती. एक्केचाळीस वर्षांची झाली होती आणि आजवर एकाही नाटकातलं शेवटचं वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं. आज्या नेहमी दुसऱ्या अंकात मरतात.

तालमी सुरू झाल्या. ही बाई कशी करायची, याचा बुरुलला विचार करावाच लागला नाही. ती गादीच्या कडेला बसली, अर्धी गादीवर, अर्धी जमिनीवर. पियालीचा काठ अंगठ्याने पुसायला लागली. नवऱ्याला काही सांगायचं असेल तिथे ओस्कोनने ‘उसासा टाकते’ असं लिहिलं होतं. बुरुलने तिथे चमचा वाजवला. ताबिल्दी खुर्चीतून उठला. “हे कुठून आणलंस?” “असंच सुचलं,” बुरुल म्हणाली. ओस्कोननेही उसासे खोडून चमचे लिहून घेतले आणि दोन दिवसांनी ते आपल्यालाच सुचल्यासारखं बोलायला लागला.

शेवट आला की मात्र ती थांबायची. “हाक प्रयोगालाच मारीन,” ती म्हणाली. “तालमीत मारली तर शिळी होईल.” ताबिल्दी असल्या गोष्टींवर जीव टाकणारा माणूस. त्याला वाटलं, ही खरी कलावंत. तो इतर नटांना सांगत सुटला, शिका जरा, शब्द असा जपावा लागतो. बुरुल खाली मान घालून ऐकायची. आपण थाप मारतोय आणि त्या थापेचंच कौतुक होतंय, हे तिला कळत होतं.

अडचण सोवेतची होती. सोवेत म्हणजे नवऱ्याचं काम करणारा नट, अगडबंब, बुरुलपेक्षा धाकटा, आणि जिभेला हाड नसलेला. खिडकीची चौकट रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला टांगली होती. तो तिच्यातून प्रेक्षकांकडे बघत बसायचा आणि बुरुल त्याच्या पाठीमागे. हाक आली की त्याने वळायचं.

“वहिनी, तुम्ही हाक मारत नाही आणि माझी मान अवघडते,” तो म्हणायचा. “निदान ‘अहो उंच टोपीवाले’ तरी म्हणा. मी तेवढ्यावरही वळेन.”

“गप बस रे मेल्या.”

“हे बघा, मला मेल्या म्हणता येतं. मग नावाने काय घोडं मारलंय?”

घरी तिने काही सांगितलं नव्हतं. ते काम बाजारातल्या भिंतीने केलं. एका सकाळी झेयनेप आपा कांदे आणायला गेल्या आणि परतल्या त्या पिशवी खाली न ठेवताच उभ्या राहिल्या.

“भिंतीवर पोरांच्या बापाचं नाव लावलंय. हे एवढं. कांदेवाली विचारते, काय हो झेयनेप, घर विकायला काढलंत की काय?”

बुरुल कणीक मळत होती. “नाटकाचं नाव आहे ते, आपा. ते नाव काय, कितीजणांचं असतं.”

“त्यात तू कोण?”

“त्यांची बायको.”

“म्हणजे मी.”

“तुम्ही नाही, आपा. नाटकातली.”

“करते काय ती?”

“चूल पेटवते. चहा करते. वासराशी बोलते.”

“मग मीच. आणखी?”

बुरुलचे हात कणकेतच थांबले. खोटं बोलायचा विचार तिच्या मनात येऊन गेला, पण पोस्टर लागलं होतं आणि आक-ताश काही मोठं गाव नाही. “शेवटी नवऱ्याला नावाने हाक मारते,” ती म्हणाली.

“कुणादेखत?”

“सगळ्यांदेखत.”

“आणि तोंड कुणाचं?”

“माझंच. पण आपा, नाटकात ते...”

“नाटकासाठी तोंड वेगळं देतात का गं तुला?”

एवढ्यात बुरुलचा नवरा कुबात आत आला. तो गावातली प्रवासी गाडी चालवायचा आणि दिवसभर लोकांची भांडणं ऐकून घरी शांतता मागायचा. “आपा, काम आहे ते तिचं,” तो म्हणाला.

“तू गप्प बस. तुझं नाव कोण घेतंय?” आपांनी पिशवी खाली ठेवली. कांदे घरंगळत चुलीपर्यंत गेले. “मी येणार आहे नाटकाला. पहिल्या रांगेत बसवा मला. बघते, माझ्या डोळ्यांदेखत कशी घेतेस ते.”

इतक्या वर्षांत त्या एकदाही नाट्यगृहात आल्या नव्हत्या. “सासवा बघायला पैसे कशाला मोडू, मी घरीच आहे,” असं म्हणायच्या. आता त्या पेटीतून मखमली डगला काढून उन्हात घालायला लागल्या. बुरुलशी बोलायच्या, पण कामापुरतं, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जड जायचं. पेच साधा होता आणि त्याला कुठे फट नव्हती. हाक मारली तर धुतलेल्या जिभेची सून कायमची बुडाली. शेजारणी पिढ्यानपिढ्या सांगतील. नाही मारली तर नाटक बुडालं, ताबिल्दीची लाज गेली आणि तिच्या वाट्याला पुन्हा मरणासन्न आज्या. गोठ्यात एकटी असताना तिने एकदा हळूच म्हणून पाहिलं. ‘शा’ एवढंच निघालं. गाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि उरलेलं बुरुलने गिळून टाकलं.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहात गारठा होता, लोक कोट घालूनच बसले होते. राजधानीची मंडळी दुसऱ्या रांगेत, मांडीवर कागद घेऊन. पहिल्या रांगेत बरोबर मध्ये झेयनेप आपा, पांढरा रुमाल, मखमली डगला, शेजारी कुबात. तो बिचारा खुर्चीत जितका आत जाता येईल तितका गेला होता.

बुरुल आत आली आणि गादीच्या कडेला बसली. पियालीचा काठ अंगठ्याने पुसला. नंतर कुबातने सांगितलं, तेव्हाच आपा त्याच्या कानाशी लागल्या होत्या, “ही कोणाला बसवतेय तिथे?” पहिला चमचा वाजला तेव्हा त्या सरळ होऊन बसल्या. “हिने माझा चमचा आणलाय.” कुबातने सांगितलं, आपा, तो नाट्यगृहाचा आहे, तुमचा घरी आहे. त्यांनी ऐकलं नाही. दवाखान्यातला प्रसंग आला. नाव विचारल्यावर ती बाई आठवत राहते, तेव्हा आधी बायका खदखदून हसल्या. मग एकेक जण हसायची थांबली. आपा पहिल्यापासून हसल्याच नव्हत्या. त्यांचे हात डगल्याच्या बटणांवर होते आणि त्या एकच बटण काढत-घालत होत्या.

बुरुल चांगली करत होती. हे तिलाही कळत होतं. जाड आवाज चुलीशी बोलताना असा खाली उतरायचा, की मागच्या रांगा पुढे वाकायच्या. शेवटचा प्रसंग आला तेव्हा तिला फार आनंद होत होता आणि तितकीच भीती वाटत होती.

समोर सोवेत, चौकटीतून प्रेक्षकांकडे बघत. तिने किटली उचलली, पियाली भरायला घेतली. अर्धी झाली, पाऊण झाली, ती थांबली नाही. काठापर्यंत आली तशी बायकांत कुजबुज झाली. बुरुल पियाली घेऊन उभी राहिली. आता फक्त एक शब्द. तिने श्वास घेतला, वर पाहिलं, आणि सोवेतच्या खांद्यावरून तिला पांढरा रुमाल दिसला.

तोंड उघडेना. ओठ हलले, पण आवाज आतच राहिला. विंगेत ओस्कोनने डोळे मिटून घेतले. ताबिल्दीला अजून वाटत होतं, हा विराम आहे, काय थांबली आहे! बुरुलने पियाली खाली ठेवली, आणि तिच्या हाताने आपला आपणच चमचा उचलला. वाजवला. सोवेत वळला नाही. चमच्यावर वळायचं ठरलेलं नव्हतं. तिने पुन्हा वाजवला. सोवेतच्या मानेची शीर तट्ट फुगली होती, पण गडी हलला नाही. मग ती वाजवतच राहिली. रंगमंचावर रडण्याची तिची एक पद्धत होती, हुंदका, मग रुमालाचं टोक, मग खांदे. आत्ता त्यातलं काही झालं नाही. नुसतं पाणी वाहत होतं आणि हात चमचा वाजवत होता.

पहिल्या रांगेत झेयनेप आपा उठल्या. कुबातने डगल्याची बाही धरली, ती त्यांनी झटकून सोडवली.

“शारशेन!”

आवाज बारीक आला, शाळेत पहिल्यांदा उभं करून वाचायला लावल्यासारखा. त्यांचा त्यांनाच तो पुरेसा वाटला नसावा.

“ए शारशेन!”

सोवेत सुरुवातीपासून त्यांच्याकडेच तोंड करून बसला होता. पुढे तो सगळ्यांना सांगायचा, मला काही म्हणजे काही आठवेना, संहिता नाही, ताबिल्दी नाही. समोर एक म्हातारी उभी आणि ती मला हाक मारतेय. हाकेला कुणीही देईल तेच उत्तर त्याने दिलं.

“काय गं?”

आपांनी याच्यापुढचा विचार कधी केलेला नव्हता. सगळं नाट्यगृह त्यांच्याकडे बघत होतं. त्या दोन्ही हातांनी डगला धरून उभ्या होत्या.

“चहा निवतोय,” त्या म्हणाल्या. “किती वेळची वाजवतेय ती.”

मग सोवेत वळला. ठरलं होतं तसाच, हळूहळू, आधी मान, मग खांदे. बुरुलने भरलेली पियाली त्याच्या पुढे केली. पडदा पाडणारा माणूस रडत होता, त्यामुळे पडदा अर्ध्यातच अडकला आणि मग धाडकन खाली आला.

टाळ्या खूप झाल्या. राजधानीच्या मंडळींना वाटलं, प्रेक्षकांत नटी बसवून ठेवायची ही नवी तऱ्हा आहे. त्यांनी ताबिल्दीची पाठ थोपटली आणि नाटक महोत्सवाला घेतलं. ओस्कोन म्हणाला, माझ्या मनात हेच होतं. ताबिल्दी तर धावत आपांकडे गेला आणि कमरेत वाकून म्हणाला, “आपा, प्रत्येक प्रयोगाला याल का? गाडी पाठवतो.”

“कशाला?”

“हाक मारायला.”

“एकदा मारायची होती, मारली,” आपा म्हणाल्या. “रोज रोज मारायला मी काय नटी आहे?”

घरी तीनचार दिवस त्या विषयावर कुणी तोंड उघडलं नाही. बुरुल आपली वाट बघत होती, आपा कधी बरसतात म्हणून. शेवटी एका सकाळी दोघी गोठ्यात होत्या. आपा धार काढत होत्या, बुरुल वासरू धरून उभी होती.

“पुढचा प्रयोग कधी आहे?”

“शाळेच्या मुलांसाठी ठेवलाय, दुपारी. मंगळवारनंतरच्या दिवशी.”

“बुधवारी,” आपा म्हणाल्या.

बुरुलच्या हातातून वासराची दोरी सुटता सुटता राहिली.

“अशी बघतेस काय? म्हणाले ना. आता तूही म्हण. बायकोनेच घेतलंय म्हटल्यावर सुनेला कोण विचारतंय?” त्यांनी चरवी तिच्या हातात दिली. “नाटकात घे. घरात पोरंबाळं येतात-जातात, घरात नको.”

बुधवारी दुपारी बुरुलने हाक मारली. जाड आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, मुलं चपापून गप्प झाली आणि सोवेत वळला. कुठे वीज पडली नाही. ती घरी आली तेव्हा आपा खिडकीच्या खोलीत बसल्या होत्या, नेहमीसारख्या गादीच्या कडेला. खिडकीपुढची जागा रिकामीच होती. शारशेन गेल्यापासून तिथे कुणी बसलेलं नव्हतं. आपांनी बुरुलची पियाली अर्धी भरून तिच्यापुढे सरकवली.

“घेतलंस?”

“घेतलं, आपा.”

“मग?”

“मग वळले.”

“लगेच?”

“लगेच.”

आपा पियालीचा काठ अंगठ्याने पुसत राहिल्या, काठ कोरडा होता तरी.

“हाक मारली की वळतात होय,” त्या म्हणाल्या. “आणि मी आपली चमचा वाजवत बसले.”